सवलतीच्या फळीवरचं ऑलिव्ह तेल घ्यावं का?

परभणीहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीत घरी येते तेव्हा तिच्यासाठी पास्ता, चीज, ऑलिव्ह तेल, डार्क चॉकलेट, चांगला सुकामेवा असं काहीबाही आणून ठेवतात. परभणीत ते महाग पडतं. छत्रपती संभाजीनगरला चक्कर झाली की मार्टमध्ये आणि सवलतीच्या दुकानांत तेच सामान कधी निम्म्या भावात लावलेलं दिसतं. त्यांचा प्रश्न असा, की हे घ्यावं का, की त्यात काहीतरी खोट असते?

घ्यावं की! मी हॉटेलांच्या खरेदी विभागात बरीच वर्षं काढली, आता स्वतःचं छोटं केटरिंग चालवतो, आणि माझा निम्मा नफा अशाच खरेदीतून सुटतो. फक्त भाव किती उतरलाय हे बघण्याआधी तो का उतरलाय ते शोधायचं. तारीख जवळ आली असेल. खोका चेपला असेल. सण होऊन गेला असेल. कंपनीनं वेष्टन बदललं म्हणून जुनं काढून टाकायचं असेल. किंवा दुकानदारानं कुणाच्या तरी सांगण्यावरून माल भरला आणि गल्लीत त्याला गिऱ्हाईकच नाही, असंही असेल. या शेवटच्या कारणानं उतरलेला माल सगळ्यात चांगला. त्यात दोष काहीच नसतो, बिचारा चुकीच्या गावात आलेला असतो.

एक कारण मात्र पाकिटावर कुठंच छापलेलं नसतं, आणि आपल्या मराठवाड्यात तेच सगळ्यात मोठं. ते म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ पर्यंत जातो. पत्र्याच्या गोदामात, बंद टेम्पोत, दुकानाच्या माळ्यावर त्याहून जास्त. तारीख सहा महिने पुढची असली तरी दोन महिने अशा भट्टीत काढलेल्या तेलाचं आणि चॉकलेटचं आयुष्य आतून संपलेलं असतं. म्हणून मी तारखेआधी महिना बघतो. तेल, लोणी-चीज, चॉकलेट, सुकामेवा, म्हणजे ज्यात स्निग्धांश आहे ते सगळं, सवलतीत घ्यायचं ते दिवाळीपासून होळीपर्यंत. पास्ता, व्हिनेगर, सोया सॉस, मोहरीची पेस्ट, जॅम, डबाबंद टोमॅटो, खारवलेले ऑलिव्ह यांना उन्हाचं फारसं काही वाटत नाही. ते बाराही महिने घ्या.

आता तारखेचं. पाकिटावर 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' असेल तर ती रेघ आहे. त्यानंतर दुकानदाराला तो माल विकताच येत नाही. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची हमी. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी कोरडा पास्ता काही विषारी होत नाही, पण दुकानातून विकत घेताना मी तरी तिथंच थांबतो. परदेशी मालाच्या तारखा नेहमी जवळच्या का असतात, याचंही कारण समजून घ्या. आयात माल बंदरातून सुटताना त्याचं ६० टक्के आयुष्य शिल्लक असावं, किंवा मुदत संपायला ३ महिने असावेत, यातलं जे कमी ते चालतं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणजे तीन महिने शिल्लक असलेला माल कायदेशीरपणे मुंबईत उतरतो. मग तो आयातदाराकडं, तिथून वितरकाकडं, मग संभाजीनगरच्या दुकानात. फळीवर येईपर्यंत सहा-आठ आठवडे उरतात, आणि दुकानदार घाबरून भाव पाडतो. यात काळंबेरं काही नाही. सहा आठवड्यांत घरात संपणार असेल तर बिनधास्त घ्या. नसेल तर निम्म्या भावात घेऊन निम्मं टाकून देण्यात कसली आलीय बचत?

परदेशी मालावर आयातदाराचं एक स्टिकर असतं. त्यावर त्याचं नाव-पत्ता, १४ आकडी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण वगैरे असते. ते असणं चांगलं लक्षण. पण स्टिकर तारखेवर चिकटवलेलं असेल, किंवा तारीख खरवडून वर नवीन छापल्यासारखी वाटली, तर पाकीट जिथल्या तिथं ठेवा. तारीख स्टिकरनं बदलायची परवानगी कुणालाच नाही. अंगठ्याचं नख स्टिकरच्या कडेवरून फिरवून बघायची सवय लावून घ्या. कुणी बघत असेल तर बघू द्या.

ऑलिव्ह तेलावर जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथंच जातात आणि फसवणूकही तिथंच होते. फसवणूक म्हणजे भेसळच असं नव्हे. बहुतेक वेळा आपण एक समजून दुसरंच घेतो, आणि बाटलीवर खरं काय ते स्पष्ट छापलेलं असतं. बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' असेल तर ते फळं नुसती दाबून काढलेलं, रसायन न लावलेलं तेल. त्यातली आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत असावी लागते. 'प्युअर', 'लाइट', 'क्लासिक' असं काही असेल तर ते शुद्धीकरण केलेलं तेल, त्यात चवीपुरतं व्हर्जिन मिसळलेलं. 'लाइट'मध्ये कॅलरी कमी नसतात बरं का, रंग आणि वास हलका एवढंच. आणि 'पोमेस' म्हणजे फळं दाबल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं आणि मग शुद्ध केलेलं तेल. सवलतीच्या फळीवर जे हमखास दिसतं ते बहुतेक वेळा पोमेसच. बाटली तशीच हिरवी, चित्र तसंच ऑलिव्हच्या फांदीचं, आणि बारीक अक्षरात 'पोमेस'. ते वाईट नाही. पण पोमेसचा भाव एक्स्ट्रा व्हर्जिनशी लावून 'निम्म्यात मिळालं' म्हणून खूश होऊ नका. ते निम्म्याचंच असतं.

बाटली हातात घेतली की मी काय करतो, ते सांगतो. आधी काच. गडद हिरवी किंवा तपकिरी हवी, पत्र्याचा डबा असेल तर सगळ्यात उत्तम. पांढऱ्या पारदर्शक बाटलीतलं एक्स्ट्रा व्हर्जिन मी फुकट दिलं तरी घेत नाही, कारण ट्यूबलाइटखाली दिवसरात्र उभं राहिलेलं तेल उजेडानंच उतरतं. मग फळीवर हात घालून मागच्या ओळीतली बाटली काढतो. पुढची उजेडात असते, मागची सावलीत. मग झाकणापाशी बोट फिरवतो. तिथं चिकट ओघळ असेल तर झाकणातून हवा आत-बाहेर करतेय. ती बाटली बाद. मग मागचं लेबल. त्यावर फळं तोडल्याचं साल किंवा महिना दिला असेल तर तो दुकानदारापेक्षा खरं बोलतो. ऑलिव्हची तोडणी भूमध्य सागराकाठी साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होते. तोडणीचं काहीच दिलं नसेल तर बाटलीबंद केल्याची तारीख बघा, आणि ती दीड वर्षाहून जुनी असेल तर कच्च्या खाण्यासाठी घेऊ नका. घरी आल्यावर चमचाभर तेल तसंच तोंडात घ्या. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनला हिरव्या गवतासारखा वास येतो, जिभेवर किंचित कडवट लागतं आणि घशाला मिरीसारखं झोंबतं. पहिल्यांदा चाखणारा माणूस म्हणतो, हे खराब आहे! ते झोंबणं हीच ताजेपणाची खूण. खराब झालेलं तेल उलट गुळमुळीत लागतं, आणि मागून तोच वास येतो जो जुन्या शेंगदाण्याला येतो. खवट हा वास आपल्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच्यावर विश्वास ठेवा.

आणि एक लिटरची बाटली केवळ मोठी म्हणून घेऊ नका. उघडल्यावर ती दोन-अडीच महिन्यांत संपायला हवी, मे महिन्यात त्याहून लवकर. घरात दोघंच असाल तर पाव लिटरची घ्या, जास्त भाव पडला तरी.

ताई परभणीच्या आहेत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. सॅलडवर घालायला महागडं तेलच हवं, असं काही नाही. करडई आपल्याच मातीतली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखे करडईचे वाण दिलेत. ओळखीच्या घाण्यावरून ताजं काढून आणलेलं करडईचं तेल, लिंबू, मीठ, थोडी मिरी आणि चमचाभर मोहरीची पेस्ट बाटलीत घालून खळखळून हलवा. मुलीला आधी खायला द्या, कोणतं तेल ते नंतर सांगा. एक्स्ट्रा व्हर्जिन मी पावावर, टोमॅटोवर, शिजलेल्या पास्त्यावर वरून घालण्यापुरतंच ठेवतो. तळणीत ते ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

पास्त्याचं काम सोपं. पाकिटावर 'ड्युरम व्हीट सेमोलिना', म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा, लिहिलेलं बघा. ते घटकांच्या यादीत पहिलं आणि शक्यतो एकटंच असावं. साध्या गव्हाचा रवा किंवा मैदा असलेला पास्ता शिजताना पाणी पांढरं करतो आणि गोळा होतो. ड्युरम म्हणजे काही परग्रहावरचा गहू नाही, आपला बन्सी त्याच जातीतला. आजी उन्हाळ्यात शेवयांना बन्सीच का मागायची, ते इथं कळतं: ताण धरतो, तुटत नाही. पाकीट पारदर्शक असेल तर पास्त्याचा पृष्ठभाग बघा. खडबडीत, पिठूळ आणि फिकट पिवळा असेल तर त्याला सॉस चांगला धरतो. गुळगुळीत, चकचकीत, गडद पिवळा असेल तर तो घाईत आणि जास्त उष्णतेवर वाळवलेला असतो. तळाशी भुगा किती साठलाय तेही बघा. सवलतीतल्या पाकिटांत किडे-जाळी होण्याची भीती असते ती बहुतेक पावसाळ्यात. कोपऱ्यात बारीक पांढरे धागे दिसले की सोडून द्या.

चीजकडं येतो, आणि इथं जरा कडक बोलणार आहे.

सवलतीचं चीज, लोणी, गोठवलेला माल घ्यायचा की नाही, हे मालावर नाही, दुकानाच्या फ्रिजवर ठरतं. वीज जाते, जनरेटर फक्त दिव्यांना जोडलेला असतो, आणि काही दुकानदार रात्री कुलूप लावताना फ्रीजरचं बटणही बंद करतात, वीज वाचते म्हणून. सकाळी पुन्हा चालू. गिऱ्हाईक येईपर्यंत सगळं दगडासारखं गार, कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लावायचा तो असा. आधी मटाराचं पाकीट उचला, मटार घ्यायचे नसले तरी. दाबून बघा. दाणे सुटे, खुळखुळ वाजले तर फ्रीजर अखंड चालू असतो. सगळ्याचा एक दगड झाला असेल तर ते वितळून पुन्हा गोठलंय, आणि त्याच पेटीतलं तुमचं मोझरेलाही वितळून गोठलंय. मग तिथं कितीही सवलत असू दे, काही घ्यायचं नाही. मोझरेलाच्या पाकिटात सुटं पाणी दिसत असेल, किंवा बंद पाकीट हवेनं फुगलं असेल, तर तेही नको. ही मटाराची परीक्षा मी प्रत्येक नव्या दुकानात आधी करतो. दुकानदाराला विचारून खरं उत्तर थोडंच मिळणार आहे!

चीजचं नाव नीट वाचा. 'प्रोसेस्ड चीज', 'चीज स्प्रेड' आणि नुसतं 'चीज' हे तीन वेगळे माल. घटकांत वनस्पती तेल असेल तर ते चीजसारखं काहीतरी आहे. पिझ्झावर वितळेल, पण त्याला चीजचा भाव देऊ नका. खरं परदेशी पार्मेजान, म्हणजे इटलीतलं 'पार्मिजानो रेज्जानो', वासराच्या रेनेटनंच, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या पदार्थानंच बनवतात. आपल्याकडं त्यावर तपकिरी खूण असते, आणि घरात कुणी माळकरी असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. हिरव्या ठिपक्याचं पार्मेजान म्हणून मिळतं ते त्या पद्धतीनं, वेगळ्या रेनेटनं केलेलं. चवीला जरा सौम्य, भावाला बरंच कमी, आणि पास्त्यावर किसून घालायला ठीकच आहे. अशा कडक चीजला तारीख जवळ आली म्हणून मी घाबरत नाही. घरी आणून तुकडे करायचे, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवायचे. मऊ, ओलं चीज मात्र तारखेच्या आठवडाभर आधी घ्यायचं तर त्याच दिवशी खायचं.

चॉकलेटवर पांढरी भुकटी दिसली की लोक बुरशी समजून टाकून देतात. ती बुरशी नसते. कोकोआ बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दुकानात वितळतं, रात्री पुन्हा घट्ट होतं, आणि चरबी वर येऊन पांढरी दिसते. खायला सुरक्षित, पण जिभेवर वाळूसारखं लागतं आणि मोडताना कटकन आवाज येत नाही. असलं चॉकलेट अगदी पडेल भावात मिळालं तर केक, ब्राउनी, गरम चॉकलेट यासाठी घ्या. नुसतं खायला देऊ नका. घटकांत कोकोआ बटरऐवजी वनस्पती चरबी असेल तर ते 'कंपाउंड'. ते स्वस्तच असतं, त्याला सवलत कसली?

आता सुकामेवा आणि खजूर. हा माझा आवडता भाग आहे, आणि यासाठी मार्टमध्ये जायचं कामच नाही. संभाजीनगरातले शहागंज, सिटी चौक, गुलमंडी आणि जुना मोंढा पालथे घाला.

काजूपासून सुरुवात करू. काजूचे ग्रेड असतात. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकडे म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती दाणे बसतात ते. आकडा लहान तितका दाणा मोठा, आणि भाव चढा. पण शाही ग्रेव्हीत वाटायचे काजू अख्खे कशाला लागतात? पाकळी किंवा तुकडा मागा. झाड तेच, चव तीच, आणि किलोमागे चांगला फरक पडतो. केटरिंगमध्ये अख्खा काजू फक्त पुलावावर सजवायला. बाकी सगळा तुकडा. तुकडा घेताना एकच बघायचं: पांढरा, किंचित गोडसर वासाचा हवा. पिवळट, करपलेला तुकडा वेगळा काढून स्वस्तात विकतात, तो नको. अक्रोडाचं उलट आहे. सोललेल्या अक्रोडाच्या तुकड्यांना हवा जास्त लागते, ते आधी खवट होतात. अर्धी गिरी घ्या, एक दाणा दोन बोटांत चुरडून वास घ्या. जवस, कारळ, तीळ यांनाही हाच नियम.

खजुराचा खरा मोसम रमजान. शहागंजला तेव्हा ठेल्यांवर इतके प्रकार लागतात, की एरवी मोठ्या शहरातल्या महाग दुकानातही दिसणार नाहीत: मदिनेची अजवा, कलमी, इराणची मऊसूत किमिया, मेडजूल. ईद झाली की दोन-तीन दिवसांतच उरलेल्या मालाचा भाव खाली येतो. तेव्हा जायचं, पण डोळे उघडे ठेवून. अजवा आणि कलमी जरा कोरड्या, त्यांना बाहेर राहायची सवय आहे. त्या डोळे झाकून घ्या. किमिया ओली. तिला फ्रिज लागतो. ठेल्यावर दुपारभर उन्हात राहिलेला किमियाचा खोका आतून आंबायला लागतो. "खाके देखो मामू, मख्खन है" असं म्हणत विक्रेता वरचं एक खजूर काढून देतो. वरचं नको म्हणा. खालच्या थरातलं, कोपऱ्यातलं मागा. तोंडात घालण्याआधी नाकापाशी धरा. ताडीसारखा आंबूस वास आला, किंवा खोक्याच्या तळाला चिकट पाणी दिसलं, तर नमस्कार करून पुढं व्हा. खजुरावर पांढरे ठिपके दिसले तर नखानं खरवडून बोटांत चोळा. खरखरीत लागून विरघळलं तर ती साखर आहे, माल उत्तम. कापसासारखं लव असलेलं, धूळ उडणारं असेल तर बुरशी.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२६ मध्ये ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली, २०२८ पर्यंत फेब्रुवारीच्या शेवटाला येईल. म्हणजे पुढची काही वर्षं ईदनंतरचा उरलेला माल कडक उन्हाआधीच बाजारात असेल. किमियाच्या शौकिनांची चंगळ आहे.

तसंच दिवाळीचं. भेट म्हणून द्यायचे सुकामेव्याचे, परदेशी बिस्किटांचे, चॉकलेटचे खोके भाऊबीज झाली की कुणाला नको असतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत दुकानदार वाट बघतो, मग खोकी पुढं काढून ठेवतो. हवा गार, तारीख लांब, कारण फक्त सण संपला एवढंच. वर्षभरातला हा सगळ्यात चांगला पंधरवडा. मात्र खोक्याकडं बघू नका, आतलं वजन बघा. मखमलीच्या डब्यात २०० ग्रॅम बदाम आणि १०० ग्रॅम मनुका असतात, आणि डब्याचे पैसे तुम्ही भरता.

वजनाचा विषय निघालाच आहे तर भावाचंही सांगतो. पाकिटावर आता 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका मिलीला किती रुपये. चष्मा लावा आणि फक्त तेवढंच वाचा. एमआरपीवर ४० टक्के सूट, एकावर एक मोफत, 'मेगा पॅक', हे सगळं विसरा. परदेशी मालाची एमआरपी आयातदार ठरवतो आणि ती सुटीची जागा धरूनच ठरवलेली असते. समजा, एका दुकानात ५०० मिली तेल ९०० ची एमआरपी खोडून ५४० ला आहे आणि शेजारच्या साध्या किराण्यात लिटरचा डबा एक हजाराला, सवलतीविना. स्वस्त कोणतं, ते तुम्हीच सांगा. छापलेला युनिट दर एमआरपीवरचा असतो, म्हणून सवलतीनंतरचा हिशेब मोबाइलवर करावा लागतो, पण दहा सेकंदांचं काम आहे.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीज, लोणी, पास्ता आणि बदाम-पिस्त्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चॉकलेटवरचा १८ वरून ५ वर. जुन्या एमआरपीचं पाकीट अजून कुठं मागे राहिलेलं दिसलं आणि त्यावर '१० टक्के सूट' लिहिलेलं असलं, तर त्यातली सहा टक्क्यांच्या आसपासची सूट दुकानदारानं दिलेली नाही, सरकारनं दिलीय. चॉकलेटवर तर त्याहून जास्त मिळायला हवी. ऑलिव्ह तेलावर आधीपासून ५ टक्केच आहे, तिथं करकपातीचं नाव कुणी घेतलं तर हसा.

कुठल्या दुकानात काय, हेही थोडक्यात. डी-मार्टसारख्या मोठ्या मार्टचं गणित रोजच्या वापराच्या, भराभर खपणाऱ्या मालावर चालतं. तिथं देशी चीज, पास्ता, ओट्स, बेकिंगचं सामान ताजं आणि रास्त मिळतं, पण अनोखं काही सापडण्याची आशा ठेवू नका. अनोखं सापडतं ते सिडको-कॅनॉटकडच्या किंवा निराला बाजारच्या मध्यम सुपरमार्केटांत, शेवटच्या रांगेत, खालच्या फळीवर, धूळ बसलेलं. केपर्स, डिजाँ मोहरी, आर्टिचोक अशा बरण्या. काचेच्या बरणीचं झाकण मधोमध दाबून बघा. टक् असा आवाज होऊन खाली-वर झालं तर हवा शिरलीय. डब्याला पोटाशी साधा पोचा असेल तर चालतं. कडेच्या शिवणीवर पोचा असेल किंवा डबा फुगलेला असेल तर तो घरी आणणं सोडा, दुकानदाराला दाखवून फळीवरून काढायला सांगा.

तिसरी जागा म्हणजे हॉटेलांना माल पुरवणारे. अजिंठा-वेरूळमुळं या शहरात हॉटेलं पुष्कळ, त्यामुळं असे पुरवठादारही आहेत. ते किरकोळ गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत, फक्त माप मोठं असतं. किलोचं मोझरेला, अडीच-तीन किलोचा ऑलिव्हचा डबा. तीन-चार घरांनी मिळून घेतलं तर यासारखं स्वस्त काही नाही. मी खरेदीला होतो तेव्हा पर्यटकांचा मोसम ओसरला की मार्चच्या आसपास पुरवठादार स्वतःहून फोन करायचे. तुम्हीही फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारून बघा. ऑलिव्ह उघडल्यावर पाणी फेकू नका. त्याच खाऱ्या पाण्यात बुडवून, वर तेलाचा थर देऊन काचेच्या बरणीत फ्रिजात ठेवा.

कॉफीचं एका ओळीत: पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) प्रमाण छापावंच लागतं, आणि ऑफरमधल्या पाकिटात चिकोरी ४० टक्क्यांच्या पुढं सापडली तर ती ऑफर चिकोरीची आहे. सुटं केशर सवलतीत कधीच घेऊ नका, यावर चर्चा नको.

एक गंमत बघा. पॉश दुकानांत 'फ्लॅक्स सीड' म्हणून छोट्या पाउचमध्ये जे मिळतं ते आपलं जवस. 'अमरांथ' म्हणजे राजगिरा. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून ज्वारीचे पोहे आणि ज्वारीचा पास्ताही त्या फळीवर जाऊन बसलेत. ज्वारीच्या मुलखातल्या माणसानं ते तिथून घ्यायचे का, हे मी सांगायला नको. आणि पाहुण्यांपुढं खरोखर उंची काही ठेवायचं असेल तर लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा, बालाघाटातलं बीडचं सीताफळ आहेच. या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. गावच्या जवळ, मोसमात घेतलं तर इटलीच्या कुठल्याही बरणीपेक्षा स्वस्त, आणि त्यांच्याकडं याला तोड नाही. पुण्याची लेक परत जाताना डब्यात काय नेते ते बघा, मग पटेल.

ताईंनी शेवटी विचारलंय, की संभाजीनगरहून परभणीला चीज न्यायचं कसं. रेल्वेनं साधारण तीन तासांचा रस्ता आहे. चीज आणि चॉकलेट अगदी शेवटी, स्टेशनला निघतानाच घ्या. आधी घेऊन दिवसभर पिशवीत वागवू नका. घरून निघताना थर्मोकोलचा छोटा खोका आणि पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून सोबत ठेवा. माल दोन बाटल्यांच्या मध्ये, वर घट्ट दुमडलेलं वर्तमानपत्र, झाकणाला चिकटपट्टी. चॉकलेट बाटलीला थेट टेकू देऊ नका, ओल धरतं. सुती फडक्यात गुंडाळा. डिसेंबरात एवढंही लागत नाही. मे महिन्यात मात्र मोझरेला परभणीतच चढ्या भावानं घ्या, आणि दुकानात शिरल्यावर आधी मटाराचं पाकीट दाबून बघा.